चिठ्ठी आणि सोबत

दारूच्या पेशंटला रुग्णालयातून घरी सोडताना हातात डिस्चार्ज कार्ड देतात. त्यावर थायमिन, बी-कॉम्प्लेक्स, झोपेची एखादी गोळी, पुढच्या तपासणीची तारीख आणि या सगळ्याच्या खाली कोपऱ्यात एक ओळ असते : ‘ए.ए. मीटिंगला जाणे’. कुठली मीटिंग, कुठे भरते, किती वाजता, कोणाला भेटायचं, तिथे मराठीत बोलतात की इंग्रजीत, पैसे पडतात का, यातलं काहीही त्या ओळीत नसतं. गोळ्या समोरच्या मेडिकलमध्ये मिळतात. ही ओळ कुठे मिळायची ते कोणी सांगत नाही. पेशंटची बायको ते कार्ड एक्स-रेच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवते आणि पुढच्या वेळी, म्हणजे नवरा पुन्हा पिऊन पडला की, तीच पिशवी घेऊन पुन्हा रांगेत उभी राहते.

डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो, सांगितलं होतं, गेला नाही. हे खरंच असतं. पेशंट गेलेला नसतोच. पण ‘सांगितलं’ म्हणजे नेमकं काय केलं, हा प्रश्न वैद्यकात कोणी फारसा कोणाला विचारत नाही. मधुमेहाच्या पेशंटला ‘इन्सुलिन घेणे’ एवढं लिहून कोणी घरी पाठवत नाही. सुई कशी धरायची, कुठे टोचायची, हे नर्स समोर बसवून करून दाखवते.

अमेरिकेत सिसन आणि मॅलम्स या दोघांनी नेमका हाच प्रश्न धसाला लावला. 1981 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी छोटा आहे. दवाखान्यात उपचारासाठी येणारी वीस माणसं, दहा-दहाचे दोन गट. पहिल्या गटाला नेहमीसारखं सांगितलं : असा असा गट आहे, अमुक ठिकाणी, अमुक वेळी भरतो, तुम्ही जा, फायदा होईल. दुसऱ्या गटातल्या पेशंटसमोर उपचारकाने तिथल्या तिथे फोन उचलला, गटातल्या एका जुन्या सभासदाला लावला आणि पेशंटच्या हातात दिला. सभासदाने स्वतःची ओळख सांगितली, मी तुला न्यायला येतो म्हणाला, आणि मीटिंगच्या आधी आठवणीचा फोनही केला. पहिल्या गटातला एकही जण गेला नाही. दुसऱ्या गटातले दहाच्या दहा गेले.

वीस माणसांच्या प्रयोगावर कोणी मोठा इमला बांधू नये, हे मान्य. पण शून्य आणि दहा यांच्यातलं अंतर इतकं आहे की, ते वाचून कुठल्याही ओपीडीतल्या डॉक्टरने निदान फोनकडे एकदा पाहायला हवं होतं. त्याला आता चाळीसहून अधिक वर्षं झाली, आणि आपल्याकडे अजून ती कोपऱ्यातली ओळच चालू आहे.

ए.ए.च्या या गटांचा जन्मच मुळी रुग्णालयाच्या दारात झाला आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस, दारूपायी पार धुळीला मिळालेला. 1934 च्या डिसेंबरमध्ये तो टाऊन्स हॉस्पिटलमध्ये पुन्हा एकदा दाखल झाला. तिथल्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचं मत त्या काळात वेगळं होतं. हा माणूस नालायक नाही, आजारी आहे; त्याच्या शरीराला दारू एकदा लागली की थांबता येत नाही, असं ते म्हणत. बाहेर पडल्यावर बिल भेटेल त्या दारुड्याला देवाचा साक्षात्कार सांगत सुटला. कोणी सुधारलं नाही. उपदेश पुरे, आधी या आजाराची वैद्यकीय बाजू सांग, असं त्याला सुचवलं तेही सिल्कवर्थ यांनीच. मग 1935 च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला असताना, सौदा फिसकटलेला, हॉटेलातला बार समोर, अशा अवस्थेत त्याने एका दारुड्याची गाठ घालून द्या म्हणून फोनाफोनी केली. त्यातून भेटला तो डॉ. बॉब स्मिथ. हा स्वतः शल्यविशारद, आणि ऑपरेशनच्या आधी हात थरथरू नयेत म्हणून पिणारा. पंधरा मिनिटं देईन असं म्हणून आलेला हा डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बसला. 10 जून 1935 रोजी त्याने शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., या संघटनेचा स्थापनादिन म्हणून तोच दिवस मानतात.

त्या पुढची गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची, आणि ती कमी सांगितली जाते. या दोघांना तिसरा हवा होता. त्यांनी ॲक्रनच्या सिटी हॉस्पिटलला फोन करून नर्सला विचारलं, तुमच्याकडे एखादा दारूचा पेशंट आहे का? होता. नर्सेसवर हात उचलल्यामुळे त्याला पलंगाला बांधून ठेवलं होतं, पेशाने वकील. दोघं जाऊन त्याच्या पलंगाशी बसले. तो तिसरा सभासद. म्हणजे पहिली ‘रेफरल’ चिठ्ठी लिहिली गेलीच नाही. नर्सने पलंग दाखवला आणि माणसं तिथवर चालत आली. 1939 पासून त्याच गावच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या ननबाईंनी डॉ. बॉबच्या जोडीने हीच रीत वॉर्डाची शिस्त म्हणून बसवली. पेशंटबरोबर गटातला कोणीतरी जबाबदार माणूस असायलाच हवा, आणि भेटायला येणारेही गटातलेच. बॉब 1950 साली वारले तोवर सुमारे पाच हजार पेशंट या वॉर्डातून गेले असं सांगतात.

भारतात ए.ए. आलं ते 1957 मध्ये, मुंबईत. यात एक गंमत आहे. तेव्हा मुंबई राज्यात मोरारजी देसाईंच्या आग्रहाने आलेली दारूबंदी अमलात होती. कागदोपत्री शहरात कोणी पीतच नव्हतं. प्यायचं तर परवाना, आणि परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला. दारू सोडवण्याआधी आपल्या डॉक्टरांनी दारू मिळवून देणाऱ्या चिठ्ठ्याच पुष्कळ लिहिल्या असणार. 1949 चा तो कायदा नाव बदलून आजही आहे आणि परवानाही आहे. फक्त तो कोणी विचारत नाही.

पुढे 1981 मध्ये मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी ‘कृपा’ सुरू केली. ते स्वतः दारूच्या विळख्यातून बाहेर आलेले. ए.ए.च्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग यांची सांगड त्यांनी घातली. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. गर्दवरचे, म्हणजे ब्राउन शुगरवरचे, अनिल अवचटांचे लेख, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे केलेले लाख रुपये, हे सगळं मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. त्यामानाने डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांच्याबद्दल कमी बोललं जातं. त्या त्याच मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ज्यांनी व्यसन सोडलं त्यांनाच कार्यकर्ता, समुपदेशक म्हणून उभं करायचं, हे मुक्तांगणचं वैशिष्ट्य ठरलं. पदवीधर डॉक्टरने पेशंटच्या हाती पेशंट सोपवायचा, तोही सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. आपल्या वैद्यकातली उतरंड ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं धाडस कळेल.

मीटिंगच्या खोलीत चालतं काय, हे बहुसंख्य डॉक्टरांनी पाहिलेलं नसतं. ए.ए.च्या काही मीटिंगा ‘ओपन’ असतात. कोणीही जाऊन मागे बसावं. चर्चचा हॉल, नाही तर महापालिकेच्या शाळेचा वर्ग. मुलांचे बाक, त्यावर गुडघे आवळून बसलेली मोठी माणसं. फळ्यावर अपूर्णांकांची गणितं आणि त्याच्यावरच दोरीने टांगलेला बारा पायऱ्यांचा कापडी फलक. कागदी कपात चहा. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो आणि पुढे जोडतो, मी अल्कोहोलिक आहे. सगळे एका सुरात त्याला नावाने हाक देतात. मग तो बोलतो, मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, संपल्यावर शंका विचारत नाही. पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा दाराजवळची जागा धरतो. भाषण, कीर्तन, असलं काहीतरी असणार म्हणून तो अंग चोरून बसलेला असतो. आणि समोरचा सांगत असतो की क्वार्टर कुठे लपवायचो : आधी तांदळाच्या डब्यात, बायकोला कळल्यावर स्कूटरच्या डिकीत, तेही कळल्यावर फ्लशच्या टाकीत. खोली हसते. दाराजवळचा हसत नाही, पण मान वर करतो. फ्लशची टाकी त्यालाही सुचलेली असते आणि ती जगात फक्त आपल्यालाच सुचली अशी त्याची समजूत असते. डॉक्टर, बायको, आई, साहेब, यांतल्या कोणालाही ती टाकी माहीत नव्हती.

शेवटी टोपली फिरते. द्यायचे त्याने दहा-वीस रुपये टाकावेत, नसतील तर पुढे सरकवावी. बाहेरच्या कोणाची देणगी हे लोक घेत नाहीत, सरकारचीही नाही. नवख्याच्या हातात फोन नंबरांची यादी पडते. रात्री अकराला हात शिवशिवू लागले तर यांतला कोणताही नंबर फिरव, असं सांगतात. रात्री अकराला कुठल्याच ओपीडीचा फोन उचलला जात नाही.

डॉक्टरांचा या गटांवरचा पहिला आक्षेप असतो पुराव्याचा, आणि तो रास्तच आहे. निनावी माणसं, नोंदवही नाही, हजेरी नाही, मोजायचं कसं? बराच काळ उत्तर खरंच डळमळीत होतं. 2006 च्या कोक्रेन आढाव्यात ए.ए.चा उपयोग ठामपणे सिद्ध होत नाही असंच म्हटलं होतं. मग 2020 मध्ये जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांनी नवा आढावा काढला : 27 अभ्यास, 10,565 माणसं. या तिघांतल्या फेरी 2006 च्या आढाव्यातही होत्या, हे मुद्दाम नोंदवतो. या वेळी निष्कर्ष वेगळा निघाला. वर्षअखेर पूर्ण सोबर असलेल्यांचं प्रमाण इतर मान्यताप्राप्त उपचारांत, मुख्यतः वर्तनोपचारात, 35 टक्के, आणि ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारात 42 टक्के.

हा आकडा पाहून ए.ए.वाले खूश झाले. पण तो नीट वाचायला हवा. 42 टक्के हे आपण होऊन मीटिंगला जाणाऱ्यांचे नाहीत. यात प्रशिक्षित उपचारक ठरलेल्या पद्धतीने काही आठवडे पेशंटला गटाशी जोडून देत होता. पायऱ्या म्हणजे काय हे समजावत होता, गेलास का, कसं वाटलं, काय खटकलं, हे दर वेळी विचारत होता. अमेरिकेतल्या 1,726 पेशंटच्या ‘प्रोजेक्ट मॅच’मध्येही हेच : बारा पायऱ्यांची उपचारपद्धती इतर दोन पद्धतींच्या तोडीस तोड ठरली, पूर्ण सोबर राहण्यात किंचित पुढेच, पण ती डॉक्टरी खोलीत बसून राबवलेली. माझ्या वाचनाप्रमाणे या सगळ्या संशोधनाने गटाइतकाच गटाकडे पाठवण्याचा गुण सिद्ध केला आहे. पाठवणं हा उपचाराच्या शेवटचा सोपस्कार धरला जातो, तिथेच घोळ होतो. तो उपचाराचाच भाग आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

नुसतं ढकलून दिलं तर काय होतं तेही नोंदलेलं आहे. 1991 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात एका कंपनीतल्या 227 पिणाऱ्या कामगारांचे तीन गट केले होते. काहींना सक्तीने रुग्णालयात ठेवलं, काहींना सक्तीने फक्त ए.ए.ला पाठवलं, काहींना काय हवं ते निवडू दिलं. फक्त ए.ए.ला पाठवलेल्यांतल्या 63 टक्क्यांना पुढे पुन्हा दाखल करावं लागलं. आधीच रुग्णालयात ठेवलेल्यांत हे प्रमाण 23 टक्के होतं. तेव्हा मीटिंग स्वस्त आहे म्हणून तिच्यावर भागवायचं, हा सरकारी आणि कंपनीछाप हिशेब चालत नाही.

त्याचं एक कारण शरीराचं आहे. रोज अर्धी-पाऊण बाटली पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, फिट येते, वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. हे गटाचं काम नव्हेच. नवखा घामाने डबडबलेला, हात लटलटत, भिंतीवर किडे दिसतात म्हणत आला, तर त्याला पहिल्यांदा दवाखान्यात पोहोचवणं हीच मैत्री. ये-जा दोन्ही बाजूंनी हवी. प्रत्यक्षात गटातल्या जुन्या माणसाला गावातला कुठला डॉक्टर दारुड्याला नीट वागवतो हे पक्कं माहीत असतं. डॉक्टरला मात्र गटातला एकही माणूस नावानिशी माहीत नसतो.

दुसरं कारण औषधांचं. इथे गटांचीही चूक होते. कुठलाही सभासद डॉक्टर बनू नये, असं ए.ए.चं स्वतःचं साहित्य सांगतं. पण मीटिंगनंतर चहाच्या टपरीवर कोणीतरी हळूच सांगतोच, ‘डिप्रेशनची गोळी म्हणजे तीही नशाच, सोडून दे.’ गर्दच्या पेशंटच्या बाबतीत हे जिवावर बेततं. ब्यूप्रेनॉर्फिनवर असलेल्या माणसाला नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या काही गटांत अजून ‘क्लीन’ धरत नाहीत. त्यापायी त्याने गोळी सोडली आणि काही आठवड्यांनी पुन्हा जुन्याच मापाने गर्द घेतली, तर शरीराची सवय मोडलेली असते आणि तो त्या एका झटक्यात जातो. म्हणून गटाकडे पाठवणाऱ्या डॉक्टरने पुढच्या भेटीत हटकून विचारावं : गोळ्यांबद्दल तिथे कोणी काही म्हणालं का?

डॉक्टरांचा दुसरा आक्षेप देवाचा. बारा पायऱ्यांत ‘ईश्वर’ येतो, ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी पुस्ती जोडून येतो, तरी येतो. आपल्याकडे हा आक्षेप पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त घेतात असं माझं निरीक्षण आहे. ज्या मुलखात ‘माळ घातली’ म्हटलं की दारू आणि मटण दोन्ही सुटलं असा अर्थ होतो, तिथल्या पेशंटला प्रार्थनेचं वावडं नसतं. माळकऱ्यालाही एकादशीला, दिंडीला सोबत असतेच. पण ज्याला वावडं आहे त्याला जबरदस्ती करू नये. अमेरिकेत तुरुंगातल्या माणसाला ए.ए.ची सक्ती केली म्हणून न्यायालयांनी सरकारला फटकारलं आहे. देव वगळून चालणारे गटही आहेत. 1994 पासूनचं ‘स्मार्ट रिकव्हरी’ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर आधारलेलं आहे, आणि कि. मो. फडके यांच्यामुळे ती पद्धत मराठी वाचकाला परकी नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं होतं. तेव्हा देवाचं निमित्त पुढे करून डॉक्टरने हात झटकू नयेत.

मग करायचं काय? मार्ग सापडलेला आहे आणि तो महागडा नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात क्रिस्टीन टिम्को आणि सहकाऱ्यांनी 345 पेशंटवर तो तपासला. 2006 साली निष्कर्ष आले. समुपदेशकाने मीटिंगांची नुसती यादी देण्याऐवजी या पेशंटला चालेल अशा मीटिंगांवर खूण करून द्यायची, त्याच्यासमोर गटातल्या स्वयंसेवकाला फोन लावायचा, कधी भेटायचं ते ठरवून टाकायचं, आणि पुढच्या भेटीला गेला होतास का हे विचारायचं. गेला नसेल तर न रागावता पुन्हा फोन लावायचा. सहा महिन्यांनी या पेशंटची अवस्था नेहमीची चिठ्ठी मिळालेल्यांपेक्षा चांगली होती. आपल्या ओपीडीत ‘वेळ नाही’ हे उत्तर तयार असतं, आणि एका सकाळी शे-दीडशे पेशंट पाहणाऱ्यापुढे ते खोडता येत नाही. पण फोन डॉक्टरनेच लावावा असं कुठे आहे? समाजसेवा अधीक्षक आहे, नर्स आहे, केसपेपर काढणाराही आहे.

तालुक्याच्या गावी अडचण वेगळी. तिथे मीटिंग नसते, आणि असली तर पेशंट विचारतो, ‘आमच्या बँकेतलं कोणी भेटलं तर?’ त्याला सांगावं लागतं की, भेटलाच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. कोविडनंतर मोबाइलवरच्या मीटिंगा वाढल्या. शेतात बांधावर बसून, कानात हेडफोन घालून माणूस शेअरिंग ऐकू शकतो. नाव बदलून, कॅमेरा बंद ठेवूनही. पण त्यासाठी कोणीतरी एकदा त्याच्या फोनवर ती लिंक टाकून, ती उघडते कशी हे दाखवायला हवं. केंद्र सरकार आणि एम्स यांच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते. उरलेले 37 मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात येत नाहीत, पण पित्तासाठी, पडून झालेल्या जखमेसाठी, झोप येत नाही म्हणून गावच्या बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरकडे येतातच.

त्यांच्या आधी, आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळा, त्यांच्या बायका येतात. ‘त्यांना न कळता भाजीत घालायचं औषध द्या,’ हे वाक्य ऐकलं नाही असा डॉक्टर महाराष्ट्रात सापडायचा नाही. काही जण डायसल्फिराम तसं देतातही, आणि त्या नवऱ्याने त्यावर दारू प्यायली तर काय होईल याची जबाबदारी त्या बाईवर टाकतात. बाकीचे म्हणतात, त्यांना घेऊन या, मग बघू. तो येत नाही, म्हणून तीही परत येत नाही. खरं तर तिलाच पाठवता येतं : 1951 पासूनचं अल-अनॉन पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे, आणि मुक्तांगणने पेशंटच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला आहे. मात्र तिथे पाठवताना तिला खोटी आशा देऊ नये. नवऱ्याला उपचाराकडे आणणं हे अल-अनॉनचं उद्दिष्टच नाही. अमेरिकेत 1999 साली 130 कुटुंबीयांचा अभ्यास झाला. घरच्यांना वागण्याबोलण्याच्या युक्त्या शिकवणाऱ्या ‘क्राफ्ट’ पद्धतीने 64 टक्के पिणारे उपचाराला आले. अल-अनॉनच्या वाटेने 13 टक्के. पण घरच्या माणसाची स्वतःची तब्येत, राग, उदासी यांत दोन्ही पद्धतींनी सारखाच फरक पडला होता. म्हणजे नवरा पीतच राहिला तरी बाई सावरू शकते. आपल्याकडच्या ओपीडीत हा फरक नोंदवायचा तर आधी तिच्या नावाने केसपेपर काढावा लागेल, आणि ती खिडकीपाशी आली की विचारतात, पेशंट कुठे आहे?